सुटे शिंपले

ता. ६ नोव्हेंबर

सौ. वहिनीस,
स. न. वि. वि.

आईचं डोळ्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं. पट्टी बांधलेली असूनही तिचा कारभार चालूच आहे. परिचारिकेला चहा कसा करायचा ते पलंगावरून शिकवते.

डॉक्टरांनी बजावलंय, रडायचं नाही, जिवाला लावून घ्यायचं नाही. म्हणून दादाची बोट वादळातून परतलेली नाही, हे मी तिला सांगितलेलंच नाही. तो घरी सुखरूप आहे, बोटीचं इंजिन खोलून बसलाय, अशी थाप मारली. आता ती हटून बसली आहे, घरी आहे तर माझे शिंपले कुठे आहेत? प्रत्येक वादळानंतर तो किनाऱ्यावरून तिच्यासाठी शिंपले वेचून आणतो. लग्नानंतरचं तुझं हे पहिलंच वादळ, तुला कुठून ठाऊक असणार! वहिनी, मागायला जीभ रेटत नाही, पण पिशवीभर शिंपले दादाच्या नावाने पाठव.

लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी नणंद

ता. १० नोव्हेंबर

प्रिय वन्सं,
सा. न. वि. वि.

शिंपले पाठवते आहे. आईंना आवडावेत म्हणून मोठे, गुळगुळीत तेवढेच घेतलेत. काही जोडलेले होते, ते उघडून सुटे केले. सांध्यात चिखल अडकतो. सगळे धुऊन वाळवलेत.

पुढचं त्यांना वाचून दाखवू नका. किनाऱ्यावर जाळी, डबे, मेलेले मासे यांचा नुसता खच पडलाय. चप्पल दिसली की उचलून माप बघते. पहारेकरी बायकांना घरी पिटाळतात, काही मिळालं तर कळवू म्हणतात. पण हातात पिशवी आणि नजर वाळूत असली की कुणी हटकत नाही. तुमच्या मागणीने मला सबब मिळाली. काल निळ्या फळीचा तुकडा सापडला. तो रंग मी ओळखला, यांच्यासोबत बोटीला मीच लावला होता. शेजारीण म्हणते, नवरा बेपत्ता आणि ही शिंपले वेचत फिरते. म्हणू दे. मी रोज जाते.

लोभ असू द्या, सध्या त्याचाच आधार आहे.

तुमची वहिनी

ता. १५ नोव्हेंबर

माझ्या लेकीस,
अनेक आशीर्वाद.

पट्टी अजून सुटलेली नाही, चाचपडत लिहिते आहे. ओळी एकमेकींच्या अंगावर गेल्या तर लावून घे. पत्र टाकायचं काम परिचारिकेने पत्करलंय, तुझ्या नणंदेला कळायचं नाही. बिचारी तुझं पत्र हसऱ्या आवाजात वाचते आणि बाहेर जाऊन नाक शिंकरते. पट्टी डोळ्यांवर आहे, कानांवर नाही.

शिंपले मांडीवर ओतून घेतले. सगळे सुटे. अगं, मी त्यांची फुलपाखरं करते, आरशाच्या चौकटीवर लावायला. त्याला दोन्ही पंख सांध्याला जुळलेले लागतात. माझा लेक लहानपणापासून जोडीचेच आणतो, सांधा तुटू नये म्हणून प्रत्येकाला दोरा गुंडाळतो. पिशवीच्या तळाशी हात गेला तेव्हा मला सगळं समजलं, मग परिचारिकेकडून तुझं पत्र शेवटपर्यंत वाचून घेतलं. तुझी काही चूक नाही. तुला सांगायला तो होता कुठे?

मी रडले. डॉक्टरांना कळवू नकोस.

रविवारी मी येते आहे. आता आणखी शिंपले नकोत. उद्यापासून पिशवी घरी ठेवून जा. कुणी हटकलं तर ठणकावून सांग, नवऱ्याला शोधते आहे. मी आले की दोघी जाऊ. तू माझा हात धर आणि जे दिसेल ते सांग. काही लपवू नकोस.

लोभ आहेच. त्याच्या वाट्याचाही आता तुलाच.

तुझी आई