सातवीचा धर्मपिता

प्रिय एवारिस्तोदादा,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की रोसेंदो भावोजींना बिनपगारी रजेवर पाठवलं आहे आणि हिवाळा संपला की परत बोलावतील. ते चूक होतं, आधी तेवढं दुरुस्त करते. त्यांना काढून टाकलं आहे. नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथेला तीन महिने व्हायच्या आत रस्ते खात्याची आपल्या भागातली कचेरीच बंद झाली. रजेची गोष्ट भावोजींनी नेलिदाताईला सांगितली, ताईने मला, मी तुला. खरं काय ते मला खात्याच्या कोठारावरून सायकलने जाताना कळलं. फाटकाला साखळी होती. रस्ता सपाट करायचं ते पिवळं यंत्र, जे भावोजी घोड्यासारखं धुवायचे, गुडघाभर गवतात उभं होतं. मी घरी येऊन विचारलं तेव्हा त्यांनी मातेचा कडू चहा ओतून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पी, गार होईल."

तू म्हणशील, मी सांगितलं नव्हतं? सांगितलं होतंस. मतदानाच्या आदल्या रविवारी, निखाऱ्यांवर बरगड्या भाजत असताना, सगळ्यांसमोर. "रोसेंदो, खाटीक सुरी पाजळतोय आणि तू गोठ्याचं दार उघडून देतोयस." तुझं चूक नव्हतं, पण ते तू ज्या आवाजात बोललास ना दादा, त्या आवाजाला दुसरं उत्तरच नव्हतं. ते म्हणाले, "तुला चोरांची एवढी दया का येते रे, मेव्हण्या? तुझा वाटा होता की काय?" मग तू ताट ढकललंस, त्यांनी उंबरठ्याकडे बोट दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी तू दक्षिणेला तेलविहिरींवर निघून गेलास. ताईने तुझ्या वाटणीचं मांस दोन दिवस कुणाला खाऊ दिलं नाही.

मला कुणावर अन्याय करायचा नाही, त्यांच्यावरही नाही. भावोजींनी नव्या राष्ट्राध्यक्षांना मत दिलं ते मूर्ख म्हणून नव्हे. कोठाराचा साहेब डिझेलची पिंपं रात्री विकायचा हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तक्रार केली तर वर्षभर त्यांच्या यंत्राला टायर मिळाले नाहीत. मग रेडिओवर एक माणूस म्हणाला, सरकारच्या अंगावरची चरबी कापणार, तेव्हा भावोजींना तो साहेब दिसला. राष्ट्राध्यक्षांनी सरकारी मोटारी विकल्या तेव्हा मीसुद्धा मनात म्हटलं, बरं झालं. नंतर बसचं भाडं वाढलं, मग दवाखान्यातली परिचारिका गेली, मग रस्ते खातं. साहेबाची राजधानीत दुसऱ्या खात्यात सोय झाली. चरबी निघाले आमचे भावोजी, ज्यांच्या फासळ्या सदऱ्यावरून दिसतात.

आता बाळाचं. ताईला जानेवारीत सातवी मुलगी झाली हे तुला कळवलंच होतं. बेनिता नाव ठेवलंय, डोळे तुझ्यासारखे आहेत, सगळ्यांवर संशय घेणारे. सलग सातवी, त्यामुळे देशाच्या रिवाजाप्रमाणे बाप्तिस्म्याला राष्ट्राध्यक्ष तिचे धर्मपिता. भावोजींनी अर्ज जानेवारीतच केला होता, नोकरी असताना, मोठ्या आनंदाने. मान्यता आली ती नोकरी गेल्यावर. सोन्याचं पदक मिळणार आहे. शिक्षणाचा खर्च मात्र "पुनर्विचाराधीन" आहे.

मला वाटलं, भावोजी तो कागद चुलीत घालतील. उलट त्यांनी तो शेजारीपाजारी दाखवला. त्यांचा हिशेब सरळ आहे. "माझ्या पोरीचा धर्मपिता म्हणजे माझा कोम्पाद्रे, सख्ख्या भावापेक्षा जवळचा. कोम्पाद्रेच्या घरी चूल विझलेली पाहून कुणी जेवायला बसतं का?" मी म्हटलं, भावोजी, ते स्वतः येणारसुद्धा नाहीत, त्यांच्या जागी नगराध्यक्ष उभे राहतील. तर म्हणाले, "उभा कुणीही राहू दे. बाप्तिस्म्याचं पाणी पडलं की नातं राष्ट्राध्यक्षांशी लागतं." दादा, ते हे भोळेपणाने म्हणत नाहीत. त्यांना दुसरी वाटच उरली नाही म्हणून म्हणतात. पहाटे फावडं घेऊन जातात आणि पुलाजवळचे खड्डे फुकट बुजवतात, कारण पाऊस झाला की शाळेच्या बाई अलीकडे येऊच शकत नाहीत. परवा ट्रान्सितो बाई कुंपणावरून ओरडली, "रोसेंदो, तुझ्या कोम्पाद्रेला सांग, माझ्या दारातल्या खड्ड्यात मासे सोडतेय म्हणावं!" सगळे हसले. भावोजीही हसले, आणि परत आल्यावर जेवले नाहीत.

आईचं वेगळंच. पाण्याविना राहिलेली सातवी मुलगी चेटकीण होते, हे ती कुणाच्या सांगण्याने सोडणार आहे? तिने बाळाच्या गादीखाली उघडी कात्री ठेवली आहे आणि रोज विचारते, "त्या राष्ट्राध्यक्ष साहेबांना सवड कधी होणार? तोवर पोर झाडूवर बसून नदीपार जाईल." आम्ही हसतो, पण कात्री कुणी उचलत नाही.

बाप्तिस्म्याचा समारंभ पंचवीस मे रोजी, राष्ट्रीय सणाला, चौकात मांडव घालून. धर्ममाता मी. हे ताईने बाळ पोटात असतानाच ठरवलं होतं, तेव्हा मला किती आनंद झाला होता! गेल्या आठवड्यात नगरपालिकेचे बाल्मासेदा घरी आले. चिपाचे गरम पाव खाल्ले, बाळाचं कौतुक केलं आणि माझ्या हातात भाषण ठेवलं. धर्ममातेने कुटुंबाच्या वतीने चार शब्द वाचायचे, राजधानीतले छायाचित्रकार येणार आहेत. त्यात लिहिलं होतं की आमच्या घरालाही त्यागाची झळ लागली, पण या घराने देशासाठी ती हसतमुखाने स्वीकारली, आणि काढलेले कामगार गरजेपेक्षा जास्तच होते हे ते स्वतःच मान्य करतात.

तुला आठवतं ना, मला शाळेआधी आईनेच स्वयंपाकघरात वाचायला शिकवलं, आणि तिचा नियम एकच होता: मोठ्याने वाचलंस की ते तुझं झालं. मी बाल्मासेदांना म्हटलं, हे खरं नाही, मी वाचू शकत नाही. ते हसले. "पोरी, हे भाषण आहे, पाद्रीपुढचा कबुलीजबाब नव्हे." मी भावोजींकडे पाहिलं. ते बुटाला लागलेला चिखल काडीने काढत होते. शेवटी म्हणाले, "वाच गं लाली. शब्दच आहेत." वीस वर्षं त्यांनी रस्ता राखला, आणि ते गरजेपेक्षा जास्त होते, हे मी त्यांच्या लेकीला हातात धरून सांगायचं! नाही वाचलं तर पदक गेलं, कदाचित शिक्षणाचा खर्च गेला, आणि भावोजींची शेवटची आशा मी मोडली असं होईल. वाचलं तर बेनिता मोठी होऊन तो फोटो बघेल. दोन्ही बाजू मी इतक्या वेळा तोलल्या की ताईने एकदा मी घासत बसलेलं भांडं माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "त्याचा पत्रा झिजेल आता."

मग तीच म्हणाली, जे मला म्हणायचं धाडस नव्हतं: बाळाचा बाप्तिस्मा आपणच आधी करून घेऊ. आम्ही दोघी संत रोकेच्या चॅपेलमध्ये म्हाताऱ्या पाद्री अन्सेल्मोंकडे गेलो. मी विचारलं, बाप्तिस्मा आधीच झालेला असेल तर? ते म्हणाले, "पाणी एकदाच पडतं, पोरी. राष्ट्राध्यक्ष येवोत नाहीतर पोप, दुसऱ्यांदा नाही." मी विचारलं, हे पाप आहे का? ते म्हणाले, आईची संमती आहे, धर्ममाता आहे, पाप कुठलं? फक्त धर्मपिता लागेल, आणि तो असा हवा जो खरंच येईल.

म्हणून हे पत्र, दादा. ताई आणि मी, दोघींनी मिळून तुझं नाव दिलं आहे. तू भावोजींचा कोम्पाद्रे होशील. मग त्यांनी तुझ्याकडे मदत मागितली तर तुला नाही म्हणता येणार नाही, आणि तू आलास तर त्यांना दार लावता येणार नाही. ही शिक्षा दोघांनाही आहे हे मला माहीत आहे. भावोजींना अंधारात ठेवून मी काही करणार नाही. बाप्तिस्म्याच्या आदल्या संध्याकाळी मीच सांगेन, ते काय बोलतील ते ऐकेन, आणि तरी सकाळी बाळाला घेऊन निघेन. बाल्मासेदांना भाषण परत नेऊन देणारही मीच. तू भावोजींसमोर "मी सांगितलं होतं" एवढं मात्र म्हणू नकोस. बसचं भाडं जड आहे, रजा मिळायची नाही, हे सगळं मी धरून चालले आहे. तू आला नाहीस तर पाद्री अन्सेल्मो चॅपेलच्या घंटावाल्याला उभा करतील, पण थांबायचं नाही असं मी ठरवलं आहे. शनिवार, चोवीस मे, सकाळी आठ वाजता, संत रोकेच्या चॅपेलमध्ये.

तुझीच,
लाली