आईच्या जबड्याची उजवी बाजू

दादा,

"गाठ एकीकडे असली तरी सोनोग्राफी दोन्हीकडची करायची," हे तूच मला शिकवलंस. आईची मात्र घाईघाईत डावीकडचीच केलीस, कॅन्सरचा संशय लिहिलास आणि मोकळा झालास. जबड्याखालची लाळेची ग्रंथी काढताना नस दुखावली, ओठ वाकडा झाला. निघाली काय, तर नुसती सूज; दुर्मिळ, बहुधा दोन्हीकडे दिसणारी, पण गोळ्यांनी बरी होणारी.

तुझं टपाल आईच उघडते, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

काल मी तिच्या उजव्या बाजूची सोनोग्राफी केली. तू तेव्हा काढलेल्या डाव्या बाजूच्या फोटोतले तेच काळे डाग तिथेही होते. आई वाकड्या ओठांनी म्हणाली, "नीट बघ गं. दादा होता म्हणून मी वाचले."

मी स्क्रीन तिच्यापासून फिरवली आणि "हो" म्हणाले.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
धाकटी