परळातला वड

आई, काल वहिनी येऊन गेली. चपला काढल्या आणि आधी ओसरीवर वडापाशीच गेली. पदराच्या ओल्या टोकानं त्याची पानं पुसत बसली. मी चहा ठेवते म्हणून आत आले आणि गॅसजवळ उभी राहून तिच्यावर जळत राहिले. तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयाहून मी आता मोठी आहे. तरी जळले.

मी पाचवी-सहावीत असेन. शाळेच्या कुठल्याशा प्रशिक्षणाला तू नागपूरला गेली होतीस. मी संत्राबर्फीची वाट पाहत होते. तू रिकाम्या हातानं आलीस आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच सांगू लागलीस, "एवढासा वड पाह्यला व माय प्रदर्शनात! ताटात मावंल एवढा. अन् त्याले पारंब्या बी होत्या." दुसऱ्या दिवशी आपण दोघी आपल्या सानगडीच्या तलावाच्या पाळीवर, बांधावरच्या मोठ्या वडापाशी गेलो. मी फांदी वाकवून धरली, तू पेन्सिलीएवढ्या जाडीचा तुकडा कापलास. पांढरा चीक माझ्या परकरावर सांडला, तो डाग कधी गेला नाही. तुकड्याची पानं काढून, चीक वाळू देऊन, डालड्याच्या डब्यात ओल्या वाळूत तू तो खोचलास आणि डबा मागच्या दाराशी ठेवलास, जिथे उजेड येतो पण ऊन येत नाही.

पहिले काही तुकडे कुजले. तू पुन्हा आणलेस, पुन्हा लावलेस. तू शाळेतून येतेस, पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधी डब्यावर वाकतेस, आणि मी प्रगतिपुस्तक घेऊन तुझ्यामागे उभी आहे. पहिला नंबर आला आहे. "बरं झालं," तू म्हणतेस, डब्याकडे पाहतच. त्या दिवशी त्या काडीला हिरवा ठिपका फुटला होता. माझा नंबर त्या ठिपक्यापुढे काय होता! दोन दिवसांनी मी ती काडी उपटून पाहिली. खाली मुळं आलीत का, एवढंच पाहायचं होतं. दोऱ्यासारखी पांढरी मुळं होती, ती तुटली. तू मारलं नाहीस. फळ्यावरचं गणित चुकलं हे जसं सांगायचीस तसं सांगितलंस, "तुया हाताले धीर नाही. याच्यापुढं याले हात नोको लावू." काडी पुन्हा खोचलीस, ती जगली, तोच हा वड. मी मात्र खरंच हात लावला नाही. तू परत कधी लाव म्हणाली नाहीस.

मग दादाचं लग्न झालं आणि शहापूरची वहिनी आली. फार बोलायची नाही. घरात आली तशी तुला "आई" म्हणू लागली, आणि तो शब्द तिच्या तोंडून मला पहिल्या दिवसापासून टोचला. वर्षाच्या आत मी लग्न होऊन तुमसरला गेले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तर काय पाहते, मागच्या अंगणात पाट टाकून तुम्ही दोघी बसल्या आहात, मधे वड आणि त्याच्यासाठी कुंभाराकडून करवून घेतलेला मातीचा उथळ परळ, आणि तुझी ती मुळं छाटायची कात्री वहिनीच्या हातात! तू नुसती बघते आहेस. "हे ठिवू का, आई?" ती विचारते. "तुले काय वाटते?" तू तिलाच विचारतेस. मला आयुष्यात कधी असं विचारलं नव्हतंस. शाळा तू निवडलीस, नवराही तूच निवडलास.

मी आतल्या खोलीत बाळाला घेऊन पडलेली असायची आणि खिडकीतून तुमचं बोलणं ऐकू यायचं. ही फांदी तारेनं खाली ओढू, ती राहू दे, पावसाळा लागला की नव्या काड्या लावू. एकदा बाळ रडून रडून लाल झालं तरी तू आली नाहीस. हात मातीचे होते म्हणालीस. सवा महिन्यानंतर सासरी निघताना मी धीर करून म्हटलं, "आई, मले तो वड देतं का?"

"तो नाही नेता यायचा तुले. मरंल तो," तू म्हणालीस, आणि फुटक्या कपात नुकतीच लावलेली एक काडी माझ्या हातात दिलीस. एक पान होतं तिला. एसटीत मांडीवर बाळ, हातात कप. साकोलीच्या स्टँडवर मी तो कप बाकाखाली ठेवला आणि मागे न पाहता दुसऱ्या गाडीत चढले.

तू गेलीस त्या उन्हाळ्यात दिवस-कार्य आटोपल्यावर बायका सामानसुमान लावत होत्या, तेव्हा वहिनी परळ उचलून माझ्यापुढे आली. "ताई, आईचं झाड हाये. तुम्ही न्या." मी तर भांडायची तयारी करून आले होते. इतक्या सहज द्यायला तिला जमलं, याचाही मला रागच आला. मी वड घेऊन आले. महिनाभरात त्याची पानं पिवळी पडून गळू लागली. मी पाणी वाढवलं, तर आणखी गळली. शेवटी दादाला निरोप धाडला, आणि वहिनी दुसऱ्याच दिवशी एसटीनं आली, पिशवीत वाळू आणि विटांचा चुरा घेऊन.

तिनं झाड उपसून काढलं. खालची मुळं काळी पडून सडली होती. ती कापताना वहिनी माझ्याकडे पाहत नव्हती, म्हणून मला विचारता आलं. "वहिनी, तुले हे आईनं काहून शिकवलं? मले तर हात लावू नाही दिला."

तिची कात्री थांबली. "तुम्हाले आईनं सांगतलं नाही?"

"काय?"

"माया पहिला पोरगा पोटातच गेला, ताई. चवथ्या महिन्यात, दिसाले लागाच्या आंधीच. तुमच्या लग्नाच्या जरासं पह्यले. तुमच्या लग्नात विघ्न नोको म्हणून कोणालेच सांगतलं नाही. म्या माहेरी होती तवा, तापानं आजारी हाये म्हणून सांगतलं होतं. परत आली तं मले जेवण जाये ना, झोप लागे ना. तुम्ही सासरी गेल्यावर आई एक दिवस शाळेतून आल्या, माया हाती कात्री देल्ली, म्हणे, चाल, माया वडाची मुळं वाढली. मले एकटीले नाही जमून राहिलं." वहिनी हसली. "त्याहिले सारं जमत होतं. मले मांगून समजलं."

मी तिच्यासमोर मातीत बसले होते. माझ्या लग्नात ती हिरवी साडी नेसून पंगतीत वाढत होती, हे मला आठवलं. मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, मग म्हणाली, "सोडा ताई, मुळं सुकून राहिलीत." चार दिवस ती राहिली. जाताना मला पाणी किती घालायचं ते दाखवून गेली, वाळूत बोट खुपसून. झाड पावसाळ्यात पुन्हा फुटलं.

हे कळल्यावर माझा मत्सर जायला हवा होता, आई. कोणतीही शहाणी बाई म्हणेल. वहिनीबद्दल मला माया वाटते, तिच्या गुडघेदुखीला तेल मीच पाठवते. पण जळणं गेलं नाही, त्यानं फक्त जागा बदलली. आधी कात्रीवरून जळायची. आता यावरून जळते की तिचं दुःख तू इतकी वर्षं माझ्यापासून जपलंस, एका शब्दानंही बोलली नाहीस, मरतानासुद्धा नाही. तुम्हा दोघींत असं काहीतरी होतं जे तिसऱ्या कुणाचं नव्हतं. तुझ्या-माझ्यात तसं काय होतं, हे मी काल चहा उकळेपर्यंत आठवून पाहिलं. चहा उतू गेला.

रात्रीच्या गाडीनं वहिनी परत गेली. हे लिहून झालं की तिला एकदा वाचून दाखवावं, असं मघाशी वाटलं होतं. तिला वाईट वाटणार नाही, ती हसेल. पण नाही दाखवणार. दादालाही नाही, माझ्या मुलांनाही नाही. एवढं एक तरी तुझ्या-माझ्यातच राहू दे.