आमच्या बाळाची साक्ष

३ फेब्रु., कळंब

इथल्या चर्चच्या मंडळीत सकाळची उपासना झाली. ह्यांनी पुन्हा बाळाची साक्ष सांगितली. नऊ दिवस जगलं, मग प्रभूनं नेलं, त्याच दुःखातून ऊसतोड्यांच्या मुलींसाठी वसतिगृह काढायचं सुचलं. या वाक्याला बायका डोळ्याला पदर लावतात. हे थांबतात. किती वेळ थांबायचं तेही आता ठरून गेलंय. मग मी उभं राहून हसायचं, लेकीनं, रूथनं, गीत म्हणायचं, तिघांनी आभार मानायचे. चहाचे आभार, पंख्याचे आभार, "ताई, किती वाळलात" याचेसुद्धा आभार.

मंडळीतले लोक वसतिगृहाला ज्वारी पाठवतो म्हणाले. माणसं चांगली आहेत, खोटं कशाला बोलू. आईबाप ऊस तोडून येईपर्यंत पोरींच्या जेवणाचं भागलं पाहिजे. सगळं कळतं. तरी डोकं फिरलंय.

४ फेब्रु., कळंबच

भांडण. म्हटलं, बाळाचं सांगू नका.

"अगं, साक्ष आहे ती. देवानं आपल्याला सावरलं, त्याचे आभार नको मानायला?"

"तुम्हाला सावरलं असंल. मला विचारलं का कधी?"

रूथ गीतांची वही उघडून बसली, पान काही उलटेना. अकरा वर्षांची आहे, सगळं समजतं. हे अंगणात गेले नि फोनवर कुणाचे तरी आभार मानायला लागले. अरे देवा.

६ फेब्रु., वाशी

काल वाशीला येताना काळीपिवळी जीप तेरखेड्याजवळ बंद पडली. ऊन, त्यात रूथला उलटी. रस्त्याकडच्या घरातून एका बाईनं हाक मारली. शेवंताबाई. फटाक्यांच्या कारखान्यात जाते, बोटं दारूनं राखाडी झालेली. कोण, कुठले, काही विचारलं नाही. पिठलं-भाकरी वाढली. ह्यांनी डोळे मिटून आभाराची प्रार्थना धरली, ती लांबतच गेली.

"जेवा की आदी, पिठलं निवतंय."

मला हसू फुटलं. हेही हसले. किती दिवसांनी.

भांडी घासताना म्हणाली, "लेकरं किती, बाई?"

"दोन." तोंडातून निघून गेलं. "एक गेलं."

"नाव काय ठिवलं हुतं?"

इतक्या मंडळ्या फिरलो, कुणी विचारलं नव्हतं. ह्यांच्या साक्षीतही नाव नसतं, नुसतं 'आमचं बाळ'. "शमुवेल," म्हटलं. तिला नीट म्हणता येईना. "शामेल. लई ग्वाड हाय की." मग दोघींनी भांडी पालथी घातली. हे दारात उभे होते. ऐकलं असणार.

जीपवाल्यानं हॉर्न वाजवला नि धावपळ. गावोगाव आभार मानत हिंडतो, आणि तिला म्हणायचं राहूनच गेलं.

९ फेब्रु., सास्तूर

आज ह्यांनी बाळाचं सांगितलं नाही. मला काही न बोलता, आपले आपणच. पोरींबद्दल बोलले, कोण गणितात हुशार, कोण पहिल्यांदा शाळेत बसली. खरं होतं पण सपक. पुढच्या रांगेतले आजोबा पेंगले. शेवटी मंडळीचे वडील, इथले कारभारी, म्हणाले, "बघू पास्टर, कळवतो."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट ह्यांचाच राग आला. एवढं करायचं होतं तर आधी सांगायचं ना!

दुपारी वसतिगृहातून नणंदेचा फोन. आणखी दोघी बहिणी आल्यात, आई सोडून गेली, ठेवून घेऊ का? "घे," हे म्हणाले. लगेच. मग माझ्याकडं बघेनात.

१० फेब्रु., सास्तूर

उद्या उमरगा. मोठी मंडळी. सकाळी रूथची वेणी घालत होते, हे येऊन उभे राहिले.

"उमरग्याला काय सांगू?"

विचारलं. पहिल्यांदाच.

"तुम्ही नका सांगू."

"मग?"

"सांगायचंच तर मी सांगीन."

"सांगशील?"

"सांगायचंच तर, म्हटलं मी! ऐकून तर घ्या."

वेणी वाकडी झाली. सगळी सोडून परत घालायला घेतली. हे अजून तिथंच उभे.