शुक्रवारचा ताप

७ मार्च, शुक्रवार, सायं. ६
मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे मज्जातंतूंचा आजार. त्याचं इंटरफेरॉन इंजेक्शन दर शुक्रवारी सकाळी. संध्याकाळी त्याचाच ताप. शेजारच्या शकुंतलाबाई पेज आणतात, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवतात, सुनेच्या तक्रारी सांगतात. मला सोबतीची गरज नाही. त्यांना बरं वाटतं, म्हणून बसू देते.

११ एप्रिल, शुक्रवार
ताप आलाच नाही! माझी आणि औषधाची गट्टी जमली. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत पाजलेलं कॉड लिव्हर ऑइल अजून कामी येतंय. दिवाळीपर्यंत काठी सोडणार. शकुंतलाबाईंना सांगणारच होते, पण त्या पेज घेऊन आल्याच. शाल ओढून पडले.

१६ मे, शुक्रवार
ताप नाही. पुढच्या शुक्रवारी सांगायचं. नक्की.
त्यांना आज लाखांदूरला लेकीकडे जायचं होतं. नातवाचं बारसं. दारात घुटमळल्या. "तुमाले तापात टाकून कशी जाऊ जी?" मी कण्हले. थोडंसंच.

१९ जून, नागपूर
डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शननंतर अजून ताप येतो का? शकुंतलाबाई शेजारच्याच खुर्चीत. "येतो," मी म्हणाले. त्यांच्यासमोर दुसरं काय सांगणार? डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. उजवा पाय ओढत चालते, ते उन्हामुळे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
ऊन गेलं. पाय तसाच. बाथरूममध्ये पडले. फरशी फारच गुळगुळीत आहे.

१६ ऑक्टोबर, नागपूर
पडल्यानंतर केलेल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, औषध म्हणजे एक प्रोटीन. शरीराने ते परकं ठरवलं, त्याच्याविरुद्ध अँटीबॉडीज केल्या. इंजेक्शनं वाया चालली होती. ताप नक्की कधी थांबला? शकुंतलाबाईंसमोरच सांगावं लागलं. एप्रिलमध्ये. नुसत्या सवयीनेही थांबतो, म्हणाले, पण कळलं असतं तर जूनमध्येच तपासलं असतं. आता दुसरं औषध. त्याने असा दर आठवड्याला ताप येत नाही.
परतताना बस मौदा गावाशी आली. शकुंतलाबाई खिडकीकडे पाहत म्हणाल्या, "मॅडम, मी नातवाचं बारसं सोडून बसली होती जी."
मी पर्समध्ये तिकीट शोधत राहिले. ते हातातच होतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, सायं. ६
शकुंतलाबाई सकाळच्या एसटीने लेकीकडे गेल्या. कधी येणार, ते विचारायचं राहिलं. एका अर्थी बरंच. शुक्रवार मोकळा झाला. वाचन करणार, कपाट आवरणार.
सात वाजले. अजून कपाटाला हात लावलेला नाही. दार उघडंच ठेवलंय. हवा चांगली येते.