लोफोटेनची होडी आणि दाजींचा कोट

देवबाग, ता. मालवण
दि. १४ मे २००६

पूज्य दाजी,

ज्याने कुणाकडेही न शिकता, आपल्या दोन हातांनी अकरा होड्या (सात काथ्याने शिवलेल्या, चार खिळ्यांच्या), विहिरीवरचा न करकरणारा रहाट, कावळ्याची चोच आत शिरणार नाही असा सुक्या मासळीचा मांडव, कोंबड्यांचे दोन मजली खुराडे, देवळातल्या पालखीचा पुढचा दांडा (मागचा दुसऱ्याने केला आहे, फरक दिसतो) आणि सासूबाईंची कवळी (एकच, आणि ती त्यांनी वापरली नाही) एवढ्या वस्तू केल्या, त्या तुमच्या मेव्हण्याचा, गुरुदासचा, तुम्हाला आणि अक्काला वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या खेपेस तुम्ही उजवा म्हणाला होता आणि अक्का डावा म्हणाली होती. नक्की कुठला ते कळवावे, मी नोंद करून ठेवतो. आमची रिया कॉलेजसाठी तुमच्या घरी कणकवलीला राहते, ती तुम्हाला त्रास देत नसावी. देत असल्यास तो आईकडून, म्हणजे आमच्या काशीबाईकडून, आला आहे.

मोठी बातमी आधी सांगतो, म्हणजे अक्का पुढचे शांतपणे ऐकेल. मी नॉर्वेला जात नाही. पुन्हा लिहितो, जात नाही. परवा हे ठरले आणि परवापासून मी दोन वेळा पोटभर जेवतो आहे. काल दुपारी माडाखाली असा झोपलो की शेजारणीने येऊन नाकापुढे बोट धरून पाहिले.

तुम्हाला सगळे तुकड्यातुकड्याने कळले आहे, म्हणून पहिल्यापासून लिहितो. जानेवारीत आमच्याकडे आर्ने नावाचा एक नॉर्वेचा पाहुणा पर्यटक म्हणून दोन दिवसांसाठी उतरला आणि नऊ दिवस राहिला. कारण माझी अकरावी होडी. शिवलेली होडी आता कोणी करत नाही, सगळे फायबरच्या घेतात, आणि त्याच्या बेटावरचे जुने लोकही म्हणे एके काळी होड्या शिवत असत. तो रोज सकाळी वाळूवर स्टूल टाकून बसे आणि वहीत लिही. (फोटोही काढले. मी मोजले, सात माझे आणि एकोणीस काशीबाईचे. त्याला तिच्या लुगड्याचा रंग आवडला असावा.) तुम्ही माझे काम पाहिले आहे. मी लाकूड तासतो, भोके पाडतो, शिवतो, तेल देतो. काशीबाई मासळी वाळत घालता घालता मध्येच वीस पावलांवर उभी राहते, एक डोळा मिटते, आणि "वायच दर्याकडे घेवा" किंवा "नाकाड वाकडा झाला" (नाकाड म्हणजे होडीचे पुढचे टोक) एवढे बोलून परत जाते. उलांडी, म्हणजे तोल राखायला होडीच्या बाजूला बांधतो ते लाकूड, बांधायच्या दिवशी ती होडीत पाण्यावर बसून मला मागेपुढे करायला लावते. त्याला मी काम म्हणत नाही. बायका बोलतात.

फेब्रुवारीत त्याचे पत्र आले. लोफोटेन नावाचा बेटांचा पुंजका आहे, पृथ्वीच्या अगदी वरच्या बाजूस, तिथे त्यांनी जुन्या होड्यांचे एक मोठे दालन केले आहे. त्यात जून ते ऑगस्ट तीन महिने मी लोकांसमोर एक होडी शिवावी, आणि काशीबाईलाही बरोबर आणावे. (तिलाही फिरायला मिळेल, असे मी समजलो.) मी त्याच दिवशी होय म्हटले. माझा शब्द म्हणजे शब्द, हे तुम्ही जाणता. आणि तिथेच चुकले, कारण शब्द दिल्यावर आठच दिवसांत मला जाऊ नयेसे वाटू लागले आणि शब्द काही मागे घेता येईना. त्यात वाडीच्या मंडळाने, पासपोर्टसुद्धा आला नव्हता तेव्हा, माझा निरोपसमारंभ केला. शाल, श्रीफळ, आणि "देवबागचा हात जगाच्या माथ्यावर" असा फलक. आता न जाणे म्हणजे ती शाल अंगावर घेऊन तोंड लपवणे.

मग मी तयारीला लागलो, आणि तयारी मी अर्धवट करत नाही. नकाशावर ओला दोरा ठेवून रस्ता मोजला. मुंबई, ऑस्लो, तिथून बोडो, पुढे बोटीने चार तास. पहिली अडचण सूर्याची निघाली. तिथे मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य बुडतच नाही. काशीबाईने एकच विचारले, "मगे थंय तिन्हीसांजेचो दिवो कधी लावतल्यात?" मी दोन दिवस विचार केला आणि ठरवले की एक घड्याळ मालवणच्या वेळेवर ठेवायचे. आपल्याकडे संध्याकाळचे सात, तेव्हा तिकडे दुपारचे साडेतीन. साडेतीनला दिवा लावायचा. ती म्हणाली, "दिसाढवळ्या दिवो लावलो तर लोक कोण मेला म्हणान इचारूक येतले." उजेडात झोपायचा सराव म्हणून मी तोंडावर काही न घेता अंगणात दुपारी तीन-तीन तास पडून राहू लागलो. झोप आली नाही, पण माझ्या तब्येतीची चौकशी करायला एकवीस माणसे आली, आणि त्यातल्या दोघांनी नारळपाणी आणले.

दुसरी अडचण थंडीची. आपल्याला थंडी म्हणजे पौषात सकाळी विहिरीवर लागते तेवढी. तिथे जूनमध्ये आठ-दहा अंश. अंगावर घेतल्याशिवाय मी कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवत नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांकडून थर्मामीटर आणला आणि बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात गेलो. तिथे बाबली कामाला आहे, तो माझ्या सहाव्या होडीचा मालक. त्याला म्हटले, बर्फाच्या लाद्या ठेवायच्या खोलीत मला अर्धा तास बसव. अंगात दोन बनियन, स्वेटर, त्यावर तुम्ही बद्रीनाथला नेलेला आणि मला विश्वासाने दिलेला लोकरीचा कोट, कानटोपी, आणि पायात काशीबाईने शिवलेले गोधडीचे मोजे. बाबली म्हणाला, "काका, कडी भायरसून लावचीच लागता, नायतर बर्फ इरघाळता. अर्ध्या तासान उघडतंय." मी म्हटले लाव.

पहिली दहा मिनिटे उत्तम गेली. थर्मामीटर उणे चार दाखवत होता, ते मी वहीत लिहिले. वीस मिनिटांनी पेन्सिल धरता येईना. पंचविसाव्या मिनिटाला मी दाराशी जाऊन उभा राहिलो, केवळ तयारीत असावे म्हणून. तिसावे मिनिट आले आणि गेले. (बंदरात बांगड्याने भरलेल्या तीन बोटी एकदम लागल्या होत्या आणि बाबली धक्क्यावर लाद्या फोडत होता. माझी त्याला आठवणसुद्धा नव्हती, हे त्याने नंतर प्रामाणिकपणे सांगितले.) खोलीत कोणाच्या तरी सुरमया आणि मोऱ्या (लहान शार्क मासे) पाट्यांत भरून ठेवल्या होत्या. ऊब यावी म्हणून मी त्या पाट्या एकावर एक रचून वाऱ्याची बाजू बंद केली आणि त्यांच्या मध्ये बसलो. एक पाटी कलंडली. एकोणपन्नासाव्या मिनिटाला दार उघडले आणि मासे विकणारी हौसाबाई आत आली. माझ्या भुवया पांढऱ्या झालेल्या, मांडीवर एक सुरमई. तिने "अगो बाय माझे!" म्हणून टोपली टाकली. मग मला ओळखले, कमरेवर हात ठेवले आणि मोठ्याने म्हणाली, "गुरुदासा, तुका सुरमयेत धरूचो की मोरयेत? भाव सांग, गिराइक भायर उभा आसा!"

धक्क्यावर तेव्हा साठ-सत्तर माणसे होती. तेव्हापासून बाजारात गेलो की कोणी ना कोणी विचारतोच, "ताजो मा?"

पण दाजी, मी डगमगलो नाही. उणे चारात एकोणपन्नास मिनिटे काढलेल्या माणसाला अधिक दहाची काय भीती? मी आर्नेला अठरा प्रश्न लिहून पाठवले. लाकूड फणसाचे मिळेल का, काथ्या कुठल्या पाण्यात भिजवणार, मोरीच्या तेलाचा वास तिथल्या लोकांना चालेल का, असे. पंधरावा प्रश्न होता, होडी पाण्यात उतरवताना तिचे तोंड कोणत्या दिशेला असेल? त्याचे उत्तर असे, की होडी पाण्यात उतरणारच नाही. ती दालनाच्या छताला चार लोखंडी दोऱ्यांनी टांगायची, आणि लोकांनी खालून तिचे पोट बघायचे.

आता तुम्हीच सांगा. होडीला नारळ फोडून खारे पाणी लागले नाही तर ती होडी झाली कशी? आपल्याकडे करणारा माणूस पहिल्या फेरीला स्वतः होडीत बसतो. छताला टांगलेल्या होडीत मी बसू कसा, आणि बसलो तर उतरू कसा? मी हे नाक्यावर सांगितले आणि एका क्षणात सगळी वाडी माझ्या बाजूची झाली. ज्यांनी शाल दिली तेच म्हणाले, जाव नको. बाबलीने तर "होडी काय वटवाघूळ आसा?" असा सवाल केला, तो आता मंडळाच्या फळ्यावर लिहिला आहे. माझा शब्द मोडला नाही, त्यांच्या बाजूने मोडला. शालही माझ्याकडेच राहिली. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात तो अनुभव मी घेतला. खूप हलके वाटते.

पाऊस तीन आठवड्यांवर आला आहे. बाराव्या होडीचा तळ घातला आहे, ती माडाच्या झापांखाली झाकून ठेवतो आणि नारळी पुनवेला उतरवतो. तुम्ही आणि अक्काने यावे. जो गुडघा बरा असेल त्यावर जोर देऊन यावे.

तुमचा आज्ञाधारक,
गुरुदास

ता. क. १. कोट पाठवत आहे. तो आठ दिवस उन्हात होता, दोनदा शिकेकाईत आणि एकदा लिंबाच्या पाण्यात. आता वास फक्त जवळ गेल्यावर येतो. एसटीत पिशवी मांडीवर ठेवणाऱ्या माणसाला मी याची कल्पना दिली आहे. घरी आल्यावर दोन दिवस मांजरापासून जपावा. अक्काला हे सावकाश सांगावे.

ता. क. २. मुख्य काम राहिलेच. आर्नेला नकाराचे पत्र इंग्रजीत जायला हवे, ते तुम्ही लिहावे. सरकारी कचेरीत तुमची चौतीस वर्षे लोकांना नकार लिहिण्यात गेली, तुमच्यासारखे ते कोणाला जमणार नाही. रियाला सांगू नये, ती हसत हसत लिहील. कारण म्हणून होडी टांगण्याचे मात्र घालू नये. वर लिहिलेले ते सगळे खरे आहे, पण टांगण्याचे मला फेब्रुवारीच्या पहिल्याच पत्रात कळले होते, आणि चार दोऱ्या कुठे बांधाव्यात याचे चित्र मीच काढून पाठवले होते. आर्नेला ते आठवेल. पंधरावा प्रश्न मी वाडीसाठी विचारला. तुम्ही आपल्या मनाने दुसरे काही कारण घालावे. गुडघा चालेल.

ता. क. ३. काशीबाईने हे पत्र वाचले. ती म्हणते, रियाने पाहुण्याची सगळी पत्रे वाचली आहेत आणि दाजींना ते आज ना उद्या कळणारच, तर तुम्हीच लिवा. म्हणून लिहितो. एप्रिलच्या शेवटी तिकडून एक कागद भरायला आला. त्यात दोन रकाने होते, एक होडी करणाऱ्याचा आणि एक मदतनिसाचा. करणारा म्हणून माझे नाव होते आणि मदतनीस म्हणून तिचे. ते मला पटले नाही. अकरा होड्यांत नाकाड सरळ आले ते कोणाच्या डोळ्याने, हे मला ठाऊक आहे. मी बोलत नाही एवढेच. (वरच्या यादीत 'दोन हातांनी' लिहिले आहे ते तसेच राहू द्यावे. हात माझेच आहेत. डोळे कोणाचे ते यादीत लिहायची पद्धत नाही.) मी रागाने कळवले, हिला मदतनीस म्हणणार असाल तर कागद दुरुस्त करा. मला वाटले, दोघांनाही वरच्या रकान्यात घालतील. परवा दुरुस्त कागद आला. आर्नेने सोबत लिहिले होते की आपल्यालाही नऊ दिवस तेच दिसत होते, पण मला वाईट वाटेल म्हणून तो बोलला नव्हता. काशीबाई कागद बघून उलांडीला धरून हसली. म्हणाली, "माका खंय जावचा नाय, पावसात होडी कोण झाकतलो? पण कागद जपान ठेवा." तो देवघरात ठेवला आहे. मी नाकारले ते बोलावणे त्यावर असे आहे: होडी करणारी, काशीबाई गुरुदास तांडेल, तीन महिन्यांचे चार लाख दहा हजार रुपये. मदतनीस, गुरुदास, पंचेचाळीस हजार.