दुसऱ्याचा हात

१९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. मी बरी आहे. आईचे गुडघे कसे आहेत ते कळव.

"एक पेन एवढं महाग कसं? त्यात शाई भरतात की अत्तर?" असं तू विचारलंस. महिन्यापूर्वी विचारलं असतंस तर पानभर लिहिलं असतं.

आमच्या पेनांच्या दुकानात किंमत सोन्याच्या निबेची कमी, हाताची जास्त. नवी निब अडखळते. एकाच माणसाने वर्षानुवर्षं लिहिलं की ती त्याच्या कलाने झिजते. गिऱ्हाइकाला तेवढा धीर नसतो. म्हणून तो स्वतःच्या अक्षरातलं एक पान देतो आणि मी आठ दिवस, अकरा ते पाच, त्याच्यासारखं लिहीत बसते. याला आम्ही हात बसवणं म्हणतो. "घरातली पहिली पदवीधर आणि करते काय, तर नक्कल," असं मालक चिडवायचे. मला मात्र त्याचा अभिमान होता. तुझ्यापासून कशाला लपवू?

सोमवारी सकाळी एक गृहस्थ आले. काकांना पेन भेट द्यायचं होतं. काकांचं जुनं पत्र नमुना म्हणून दिलं. "सही तेवढी हुबेहूब उतरू द्या," म्हणाले. मी लगेच कामाला बसले.

बुधवारी पत्र उतरवता उतरवता पानावर एक ओळ आली. ती पत्रात नव्हती. 'मी सही करणार नाही.' अक्षर काकांचं. शाई वाळेपर्यंत मी उजवा हात मांडीखाली दाबून बसले. गुरुवारी तीच ओळ, पान भरेपर्यंत.

पत्रावर पत्ता होता. शुक्रवारी रजा टाकून गेले. दार काकांच्या मुलीने उघडलं. पेनाचं ऐकून ती हसली. "बाबांना पेन? वर्ष झालं, त्यांना चमचा धरता येत नाही. बोलणंही गेलं. माझ्या चुलतभावाला या घराच्या कागदांवर त्यांची सही हवी आहे, हे मात्र मला माहीत आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण सोमवारपासून त्यांची उजवी बोटं हलतात. अकराला सुरू, पाचला बंद, घड्याळ लावल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, चांगलं लक्षण आहे. आज मात्र अकरा वाजून गेले तरी बोटं हललेली नाहीत."

दादा, मी चपला काढून आत गेले.

आत काका माझ्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे बघत होते. ती पाणी आणायला गेली तेव्हा मी हळूच विचारलं, "निब मोडू का?" मोडली नाही तर पुतण्या त्याच पेनाने त्यांची सही उठवणार आणि मोडली तर बोटं थांबतील, हे मला कळत होतं. बहुतेक त्यांनाही. त्यांनी डोळे मिटले. होकार की थकवा, समजेना.

काल शनिवारी अकरा वाजता मी पेन उघडलं. नमुना समोर ठेवलाच नाही. कोरा कागद घेतला आणि हात सैल सोडला. तो सावकाश चालू लागला.

'मोड. मुलीला सांगू नकोस.'

तू सगळ्यांना माझ्या नोकरीचं कौतुक सांगतोस, म्हणून हे शेवटपर्यंत टाळलं. नोकरी गेली. मालक समोर उभे राहून "अगं, वेड लागलं का तुला?" म्हणत होते. मी निब दगडावर टेकवली आणि टोक नाहीसं होईपर्यंत घासली. काकांच्या मुलीला काही सांगितलेलं नाही.

तुझी,
धाकटी